तिकोणा पेठेतली चेहऱ्याची पाटी

लोणावळा आणि कुरवंडे

इरा, निहार,

तुमच्या बाबाला लोणावळा म्हटलं की चिक्की आठवते. तुम्हाला तेवढंही आठवायचं कारण नाही, कारण तुम्ही तिथे कधी गेलाच नाहीत. म्हणून आधी जागा सांगते. पुणं मागे टाकून मुंबईच्या दिशेने निघालं की मावळ लागतो. डोंगर, डोंगरांवर किल्ले, मधल्या खोऱ्यांत धरणं आणि धरणांच्या काठाने भाताची खाचरं. आम्ही गेलो तेव्हा भात कापून झाला होता आणि सगळीकडे वाळल्या पेंढ्याचा गोडसर वास सुटला होता.

जायचं ठरवलं शैलाने. ही तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. सत्तरीला टेकली तरी गाडी स्वतः चालवते. मी शेजारी बसून रस्ता सांगते आणि ती माझं ऐकत नाही, अशी आमची वाटणी आहे.

निघण्याआधीच्या रविवारी इराने ब्रुसेल्सहून फोनवर विचारलं होतं, "आजी, बायकांनी धर्मासाठी चेहरा झाकला, तर त्याला बंदी असावी का? आमच्या देशात आहे. शाळेत त्यावर चर्चा आहे." मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "असावीच. तोंड झाकून चारचौघांत वावरणं म्हणजे दार लावून घेऊन पाहुण्यांशी गप्पा मारणं." इरा "पण आजी" म्हणाली आणि तिची बस आली.

मला माझं वाक्य फार आवडलं. साताऱ्याहून निघाल्यावर खंबाटकीच्या घाटात मी ते शैलाला ऐकवलं, आणि पुणं ओलांडल्यावर पुन्हा एकदा.

"वहिनी," ती म्हणाली, "बँकेत होतात तेव्हाही तुम्ही असंच बोलायचात. एक वाक्य, शिक्का, आणि पुढचा नंबर."

खरं आहे. मी आयुष्यभर काउंटरपलीकडची माणसं पाहिली. सही जुळली पाहिजे आणि चेहरा जुळला पाहिजे, त्यात मी कधी सूट दिली नाही. त्याचा मला पश्चात्तापही नाही.

लोणावळ्यात आम्ही एक रात्र राहिलो. बाजारात चिक्कीची दुकानं एकमेकांना चिकटून उभी आहेत आणि प्रत्येक जण चव बघा, चव बघा म्हणून हातावर तुकडा ठेवतो. शैलाने इतक्या चवी बघितल्या की जेवायला तिला भूक उरली नाही. दुपारी कुरवंड्याला गेलो. हे डोंगरावरचं गाव. गावाच्या पुढे जमीन एकदम संपते आणि खाली कोकण दिसतं. वारा असा की उभं राहता येईना. मी शाल डोक्यावरून घेऊन नाकापर्यंत गुंडाळली. आजूबाजूला मोटरसायकलवरून आलेली तरुण जोडपी होती. मुलींनी स्कार्फने अख्खं तोंड बांधलेलं, वर काळा चष्मा. आपल्याकडे गाडीवर बसणाऱ्या मुली असा स्कार्फ बांधतात, उन्हासाठी आणि धुळीसाठी. पण या गाडीवरून उतरल्यावरही सोडत नव्हत्या. एक मुलगी फोटोसाठी कड्यावर उभी राहिली, तीसुद्धा तोंड बांधूनच.

"ओळखीचं कुणी भेटलं तर?" शैला म्हणाली. "घरी सांगून आलेली दिसत नाही."

"पण मग फोटो कशाला?"

"आठवणीला. कुणाची आठवण ते दोघांना माहीत आहे ना, बास झालं."

मला तिथे थांबावंसं वाटेना. कड्यावरचा वारा हे कारण मी दिलं.

तिकोणा पेठ

दुसऱ्या दिवशी पवना धरणाच्या काठाने तिकोणा पेठेला पोचलो. तिकोण्याच्या किल्ल्याखालचं हे गाव. गावातल्या पाच बायकांनी मिळून पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि पलीकडच्या रानात तंबू असा व्यवसाय थाटला आहे. त्यांच्या म्होरक्या सुनंदाताई. जमीन त्यांची, आवाज त्यांचा, आणि पाहुण्याला तिसरी भाकरी घ्यायला लावण्याचा हट्टही त्यांचाच.

ओसरीवर टेबल होतं. टेबलामागे एक मुलगी बसली होती, काळा बुरखा आणि चेहऱ्यावर नकाब. फक्त डोळे दिसत होते. तिच्या डोक्यावर भिंतीवर पाटी होती, सुरेख अक्षरात: 'खोली घेताना चेहरा उघडा ठेवावा. स्कार्फ, मास्क, हेल्मेट काढावे.'

मी पाटीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि शैलाच्या पायावर पाय दिला, कारण ती हसणार होती.

मुलगी काहीतरी म्हणाली. मला हल्ली जरा कमी ऐकू येतं. समोरच्याचे ओठ दिसले की भागतं. इथे ओठच नव्हते. मी दोनदा "काय?" केलं. तिच्या लगेच लक्षात आलं. तिने खुर्ची पुढे घेतली आणि सावकाश म्हणाली, "आजी, आधार कार्ड."

मी प्लास्टिकच्या पाकिटातून झेरॉक्स काढून दिली. मूळ कार्ड मी प्रवासात नेत नाही, हरवलं तर काय घ्या. तिने ती उजेडात धरली.

"आजी, यात तुमचा चेहरा दिसत नाही."

खरंच दिसत नव्हता. झेरॉक्सवाल्याने फोटोच्या जागी नुसता डांबराचा ठिपका काढला होता.

"चष्मा दिसतोय ना?" मी म्हणाले.

"चष्मा कुणाचाही असतो."

शैला आता उघडपणे हसत होती. "वहिनी, साताऱ्याला परत जाऊन कार्ड आणता का?" शेवटी शैलाच्या मोबाईलमधून तुमच्या बाबाला निरोप गेला, त्याने कार्डाचा रंगीत फोटो पाठवला, मुलीने तो माझ्या तोंडाशेजारी धरून पाहिला आणि मग किल्ली दिली. मला राग आला आणि तिचं कौतुकही वाटलं. माझ्या हाताखाली असती तर मी तिला बढती दिली असती.

तिचं नाव रेहाना. नवरा समीर टेम्पोतून तंबूवाल्यांना पाण्याचे जार पोचवतो. त्यांना एक लहान मुलगी आहे.

जेवताना सुनंदाताईंनी पाटीची गोष्ट सांगितली. "मागं एक पोरगी आलती मित्राबरं. तोंड बांधून आली, तशीच खोलीत गेली. दुसऱ्या दिशी आईबाप फोटो घिऊन दारात. हिला बगितली का? आता काय सांगनार? आमी कुनी तोंडच बगितल्यालं न्हाई. वय बी खोटं सांगितल्यालं. पोरगी गावली, देवाची किरपा. पर त्या माऊलीचं रडनं मला जेवू देईना. म्हून पाटी लावली. लिवली ह्या रेहानानंच. अक्षर बगा की."

"पण तिचाच चेहरा झाकलेला," मी म्हणाले.

"ते व्हय?" सुनंदाताईंनी माझ्या ताटात भाकरी टाकली. "तवा ध्यानातच आलं न्हाई बगा. रेहाना म्हंजी रेहाना. ती तशीच."

पाच बायकांनी पाटी ठरवली, सहावीने लिहिली, आणि सहाजणींपैकी एकीलाही ते दिसलं नाही. मला हे इतकं विचित्र वाटलं की मी ताटातल्या भाकरीकडेच बघत राहिले. भाकरी तांदळाची होती, आपल्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा पांढरी आणि मऊ. सोबत नव्या इंद्रायणी तांदळाचा भात. तो शिजताना घरभर वास सुटतो आणि हाताला चिकटतो. निहार, तुला आवडला असता. तुला मोकळा भात आवडत नाही.

शनिवार

सकाळी मी ओसरीवर चहा घेत होते. एक जोडपं मोटरसायकलवरून आलं. मुलीच्या तोंडाला फुलाफुलांचा स्कार्फ.

"ताई, स्कार्फ काढता का? कार्डावरचा फोटो बघायचा आहे," रेहाना म्हणाली.

मुलीने तिला खालून वरपर्यंत पाहिलं. "आधी तुम्ही काढा की."

मुलगा हसला.

"मी आत येऊन तुम्हाला दाखवते," रेहाना म्हणाली. आवाज शांत होता. "फक्त तुम्हाला. चला."

"मला नाही बघायचं. पाटी सगळ्यांना आहे ना? मग सगळ्यांना."

मुलाने मोबाईल काढला आणि फोटो घेतला. वर पाटी, खाली रेहाना. रेहानाने हात आडवा केला, पण तोवर गाडी सुरू झाली होती.

ती पोर चुकीचं काय बोलली ते मी शोधत होते आणि मला सापडत नव्हतं. बोलण्याची तऱ्हा वाईट होती. म्हणणं वाईट नव्हतं. याच कारणाने चहा गार झाला.

दुपारपर्यंत तो फोटो खोऱ्यातल्या सगळ्या मोबाईलवर पोचला. खाली लिहिलं होतं, 'नियम फक्त आपल्यालाच.' त्या 'आपल्या'त कोण आणि बाहेर कोण, हे लिहायची गरज नव्हती. पुढच्या शनिवारसाठी तंबू घेतलेल्या पुण्याच्या एका मोठ्या गटातल्या मंडळींनी सुनंदाताईंना फोन केला. आम्ही येतो, पण ती बाई पुढे नको.

सुनंदाताई रेहानाला आत घेऊन गेल्या. भिंत पातळ होती.

"रेहाना, मी तुला आजवर कदी काय बोलले?"

"नाही, ताई."

"मग आता ऐक. पाच घरं चालत्यात यावर. एक तर टेबलावर तोंड उगडं ठेव, न्हाई तर मागं कोठीत बस. सामान बघ, फोन घे. पगार त्योच. सोमवारी बैठक हाय. तवर इचार कर."

"कोठीला खिडकी पण नाही, ताई."

"खिडकी पाडू की गं."

रेहाना बाहेर आली आणि टेबलावरचे पेन सरळ रेषेत लावत बसली.

मला खोलीत बसवेना. मी खाचरांच्या बांधावरून चालायला निघाले. खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. हिराबाई, पाचजणींपैकी इथे स्वयंपाक करतात त्या, वरच्या ठाकरवाडीतल्या, त्यांच्याच खळ्यावर होत्या. सगळ्या बायकांनी पदर आणि पंचे नाकातोंडावरून गुंडाळून मागे गाठ मारलेली. भाताचं कूस अंगाला खाजतं आणि छातीत जातं. मला डोळेच डोळे दिसले. यातल्या हिराबाई कुठल्या?

"हितं हाय की मी!" एका पंच्यातून आवाज आला. "या बांधावर. तितं नका हुबं राहू, शिंकाल."

शिंका आल्याच. पण तिथे उभी असताना मला कसलंही उत्तर सापडल्याचा आनंद झाला नाही. भाताच्या कुसासाठी बांधलेलं संध्याकाळी सोडतात. हिराबाई घरी जाऊन तोंड धुतील आणि सगळ्यांना दिसतील. रेहानाची गोष्ट निराळी होती. ती निराळी आहे हे मला कळत होतं, आणि म्हणूनच मी परत फिरले ती आणखी अस्वस्थ होऊन.

वलवण

रविवारी रेहानाला आईकडे वलवणला जायचं होतं. वलवण लोणावळ्याला लागून, तिथल्या धरणाकाठचं गाव. समीरचा टेम्पो रिकामा नव्हता. शैला म्हणाली, "चल आमच्याबरोबर. वहिनींना घरात बसवत नाहीये."

गाडीत आम्ही तिघी बायकाच. गाव मागे पडल्यावर रेहानाने नकाब वर केला आणि खिडकीची काच थोडी खाली घेतली. पुढच्या आरशात मला तिचा चेहरा दिसला. गोल, हनुवटीवर एक जुना व्रण, आणि वरचा ओठ सतत हसायच्या बेतात. दोन दिवस मी तिला गंभीर मुलगी समजत होते! मी आरशात बघते आहे हे तिने पाहिलं.

"काय बघता आजी? कार्डाशी जुळतोय का?"

शैलाने हॉर्न वाजवून दाद दिली.

मी सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही. "कुणी सांगितलं तुला हे घालायला? नवऱ्याने?"

"समीर तर म्हणतो काढ, गिऱ्हाईकं बिचकतात."

"मग?"

"माझं मीच ठरवलं असं सांगितलं की कुणालाच खरं वाटत नाही. नमाज पढते तसंच आहे हे माझ्यासाठी. त्याच्यापुढे मला काही येत नाही सांगता." मग म्हणाली, "कॉलेजात स्कूटीवर मी पण स्कार्फ बांधायचे, हिरवा, टिकल्यांचा. फक्त डोळे दिसायचे. तेव्हा कुणी विचारलं नाही. काळा झाला तेव्हा विचारायला लागले."

"हिरवा तू उतरल्यावर काढायचीस."

"हो," ती म्हणाली. "ते आहे."

तिने लोणावळ्यात हॉटेलचा कोर्स केला होता. दोन ठिकाणी मुलाखतीला गेली, दोन्हीकडे म्हणाले, काढून या. "सुनंदाताईंनी विचारलं, इंग्रजी येतं का, हिशेब येतो का, ये उद्यापासून. बस्. मला ते टेबल पाहिजे, आजी. पाहुणा आला की पहिला माझ्याशी बोलतो. आतच बसायचं असतं तर मी घरी नसते का बसले?"

"आणि तुझी मुलगी मोठी होऊन म्हणाली, मला नाही घालायचं?"

"मग नाही घालायचं."

"आणि आत्ता, शाळेत असतानाच म्हणाली, मला घालायचंय?"

तिने नकाब खाली घेतला, कारण समोरून ट्रक येत होता. ट्रक गेल्यावर तो पुन्हा वर केला. "तेव्हा बहुतेक मी अम्मीसारखी ओरडेन," ती म्हणाली.

अम्मी कशी ओरडते ते लगेच कळलं. हसीनाबी म्हणजे पाठीत वाकलेली, नऊवारीसारखीच कासोटा खोचलेली साडी नेसणारी बाई. आम्ही चपला काढतोय तोवर त्यांनी सुरुवात केली.

"या बाई, बसा. तुमी शिकल्यासवरल्या, तुमीच सांगा हिला. माज्या आईनं भात लावला, मी लावला, गुडगाभर चिखलात. आमच्यात कुनी तोंड झाकलं न्हाई. हिचंच कुटनं आलं?"

"अम्मी, तू डोक्यावरचा पदर कधी पडू देतेस का?"

"पदर निराळा! पदराला नाक, डोळं, तोंड समदं आस्तं." मग माझ्याकडे वळून, "फोटू आमच्या मोबाईलवर बी आला. शेजारनीनं दावला. लेकीचा फोटू दावला आन् त्यात लेकच न्हाई. मला काय दिसावं त्यात?"

रेहाना चहा करायला आत गेली होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"नोकरी जाईल तिची," हसीनाबी हळू म्हणाल्या. "सांगा तिला. तुमचं ऐकंल."

इरा, माझं मत आणि हसीनाबींचं मत एकच होतं. मी मान हलवायला हवी होती. त्याऐवजी चहा येईपर्यंत मी बशीतली बिस्किटं एका ओळीत लावत बसले. परतताना आम्ही वलवणच्या धरणाजवळ थांबलो. पाणी स्थिर होतं. शैला म्हणाली, छान आहे ना? मी हो म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

सोमवार

बैठक ओसरीवरच भरली. सुनंदाताई, हिराबाई आणि आणखी तिघी. रेहाना नेहमीच्या खुर्चीवर, नकाबात. आम्ही निघण्याच्या तयारीत होतो, पण सुनंदाताईंनी चटई पुढे सरकवली.

"मावशी, तुमी बँकेत व्हता. माणसं ओळखायचं तुमचंच काम. तुमी सांगा, आमी तसं करू."

"तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणाले.

"ठरवलं की. दोगी हिकडं, दोगी तिकडं, आन् हिराबाई म्हनती मला इचारू नका."

"मला कशाला इचारता?" हिराबाई म्हणाल्या. "माजी भाकर करपाया लागली."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. रेहानाही. तिच्या डोळ्यांवरून तिला काय वाटतंय ते मला समजेना. तसं ते समजत नाही, हीच तर माझी तक्रार होती, आणि ती अजूनही आहे. माणसाचा चेहरा दिसावा असं मला वाटतं. ती हसली तर मला कळावं, चिडली तर कळावं. हे मी त्यांना तसंच सांगितलं.

"पण मला वाटणं हा नियम होऊ शकत नाही," मी पुढे म्हणाले. "पाटी कशासाठी लावली? कोण आत गेलं ते कळावं म्हणून. मग तेवढ्यापुरता चेहरा बघा. बाई असेल तर बाईने आडोशाला बघायचा, कार्डाशी जुळवायचा. रेहानालाही तोच नियम. कुणा पाहुण्या बाईला तिची खात्री करायची असेल, तर ती आडोशाला दाखवेल. तिने परवाही तेच सांगितलं होतं. ओळख पटली की मग कुणी तोंड झाकावं, कुणी उघडं ठेवावं, तो त्यांचा प्रश्न."

"आन् पुरुष पावना म्हनला, मला बी खात्री पायजे?" एकीने विचारलं.

"त्याला सुनंदाताई सांगतील, ही आमची रेहाना आहे. त्यांनी ओळखलं ते त्याला पुरलं पाहिजे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई म्हणाली, "बोलाया सोपं हाय." दुसरी म्हणाली, "पुन्यावाली मंडळी न्हाई आली तर?" मग सुनंदाताई उठल्या, मोबाईल घेतला आणि आमच्यादेखतच त्या मंडळींना फोन लावला.

"दादा, आमची पोरगी टेबलावरच बसनार. लय कामाची हाय. यायचं तर या, न्हाई तर आत्ताच सांगा." पलीकडचं काही वेळ ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. "येत्यात म्हनं. तंबू कुटं मिळत न्हाईत त्यांना."

त्यावर सगळ्या हसल्या. रेहाना उठली, भिंतीवरची पाटी उतरवून तिने टेबलावर घेतली आणि खाली नवी ओळ लिहायला घेतली: 'बायकांची ओळख बायकाच पटवतील.' शाई वाळेपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही.

शैलाने गाडी काढली तेव्हा रेहाना फाटकापर्यंत आली. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ठरवलं की ती हसते आहे. ते खरं होतं की नाही ते मला माहीत नाही.

सातारा

घरी येऊन मी बॅग रिकामी केली, कपडे धुतले, नवी रंगीत झेरॉक्स काढून पाकिटात घातली. तरी मन जागेवर येईना. आपण बोललो ते बरोबर बोललो, असं स्वतःला सांगत मी घरात फिरत होते. महिना असा गेला. मग शैलाच्या मैत्रिणींना तिकोण्याला जायचं होतं म्हणून मी फोन लावला. सुनंदाताईंनीच उचलला.

"रेहानाला द्या," मी म्हणाले.

"रेहाना गेली, मावशी."

"कुणी काढलं तिला?"

"कुनी न्हाई काढलं! देवाशप्पत. पाटी हाय, टेबल हाय. पुन्यावाली आली, जेवून गेली, काय बी बोलली न्हाईत. समदी बरी वागायची. पर पावना यायचा आन् तिच्यासमोरनं आत येऊन मलाच इचारायचा, ताई, खोली कुटं? तिनं काय सांगितलं तर माज्या तोंडाकडं बगायचा. मी म्हनायची, आवो ती सांगतीया ना. तर व्हय व्हय म्हनायचा आन् परत माझ्याकडंच. कुनी वंगाळ बोललं आस्तं तर मी भांडले असते, मावशी. भांडाया कुनी गावलंच न्हाई. एक दिस म्हनली, ताई, मी येत न्हाई उद्यापासनं."

मी फोन ठेवला. मग वलवणचा नंबर लावला. तो हसीनाबींनी दिला होता, लेकीला समजावा म्हणून.

"बाई! तुमीच का?" त्यांचा आवाज आनंदला होता. "हितंच राहाया आलीत तिगं. तितं रेंज न्हाई, हितं चांगली रेंज मिळती. मोबाईलवरचं काम लागलंय तिला. कुटल्यातरी कंपनीचं, लोकांना फोन करायचं. आता बी बोलतीया आत, कानात घालून."

"ठीक आहे ना ती?"

"व्हय, व्हय. जावई टेम्पोवर, नात शाळंत, ही दिसभर घरातच. तोंड उगडंच आस्तं आता तिचं." आतून रेहानाचा आवाज येत होता, स्पष्ट आणि नम्र, कुणाला तरी दुसऱ्यांदा तेच सांगत असलेला. "मला वाटलं व्हतं बरं वाटंल. पर बगायला कोन हाय बाई? मी आन् ह्या भिंती."